लाकडी सांगाड्याच्या भिंतीतली ओल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत किंवा कॅनडात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांकडून हे प्रश्न दर हिवाळ्यात येतात. उत्तरं देताना न्यू जर्सी आणि आसपासचा भाग डोळ्यांसमोर ठेवला आहे. टोरांटो, व्हँकुव्हर किंवा फ्लोरिडात काय बदलतं ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे. यातलं काही वाचून कळलं, पण बरंचसं आमच्याच घराची भिंत फोडावी लागली तेव्हा कळलं.

इथली भिंत वाजवली तर पोकळ लागते. आत असतं तरी काय?

आतून बाहेर निघालो तर आधी अर्धा इंच जाडीचं ड्रायवॉल, म्हणजे कागदाच्या दोन थरांत बसवलेलं जिप्सम. त्यामागे साधारण दर १६ इंचांवर उभे लाकडी दांडे. त्यांना स्टड म्हणतात. जुन्या घरांत ते साडेतीन इंच खोल असतात, नव्या घरांत बरेचदा साडेपाच. दोन दांड्यांमधल्या पोकळीत काचतंतूंचं गुलाबी किंवा पिवळं इन्सुलेशन भरलेलं असतं. त्याच्या पलीकडे ओएसबीचा (लाकडाच्या चिपा दाबून, चिकटवून केलेला) नाहीतर प्लायवूडचा तक्ता, ज्याला शीदिंग म्हणतात. त्यावर हाउसरॅपचा, म्हणजे पाणी अडवून वाफ जाऊ देणारा पातळ पडदा आणि सगळ्यात बाहेर साइडिंग (भिंतीवर ठोकलेल्या आडव्या पट्ट्या), प्लास्टर किंवा वीट. ही वीट घराचा भार घेत नाही. तो नुसता अंगरखा आहे.

आपल्याकडची नऊ इंची विटांची भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि दिवाळीनंतर सोडून देते. रंगाचे पोपडे निघतात, लोणा लागतो, पण भिंत उभी राहते. लाकडाला एवढी मुभा नाही. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असेल तर ते पिढ्यानपिढ्या टिकतं. तीच ओल ३० टक्क्यांच्या घरात जाऊन तिथेच मुक्कामाला राहिली की कुजवणारी बुरशी कामाला लागते. ओएसबी बहुतेक वेळा प्लायवूडच्या आधी हार मानतो.

ओल भिंतीत शिरते कुठून?

चार वाटांनी. पावसाचं पाणी फटीतून आत येतं. घरातली दमट हवा गळून भिंतीत जाते. वाफ ड्रायवॉलमधून हळूहळू झिरपते. आणि जमिनीतली ओल पायातून वर चढते. बहुतेक घरांत नुकसानीचा क्रमही साधारण हाच असतो. लोकांची भीती मात्र बरेचदा उलटी असते. वाफ अडवायला कुठलं प्लास्टिक लावू, हा प्रश्न मला दहा जण विचारतात. खिडकीखालचं फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर लोटणारी पट्टी, नीट आहे का, हे एखादाच.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी उत्तरं त्यावर उभी आहेत. भिंत कधी ना कधी ओली होणारच. टिकणाऱ्या घराची आणि कुजणाऱ्या घराची भिंत यांत फरक एवढाच, की एकीला सुकायला वाट असते आणि दुसरीची वाट आपणच बंद केलेली असते.

भिंतीच्या आत घाम येतो म्हणजे नेमकं काय होतं?

फ्रिजमधून काढलेला तांब्या ओट्यावर ठेवला की बाहेरून ओला होतो, तेच. हवा जितकी गार, तितकी तिची पाणी धरण्याची ताकद कमी. २० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवा वाफेच्या रूपात जास्तीत जास्त १७ ग्रॅम पाणी धरते, शून्य अंशाला पाचही नाही. घरात २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सव्वानऊ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे त्याहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागाला ही हवा लागली की तिथे पाणी सुटतं.

आता बाहेर उणे ५ अंश आहे असं धरा. इन्सुलेशनमुळे खोलीची ऊब शीदिंगपर्यंत पोचत नाही, त्यामुळे त्या तक्त्याची आतली बाजू उणे ३ च्या आसपास राहते. खोलीतली हवा कुठूनतरी तिथवर पोचली, तर दर घनमीटर हवेमागे जवळपास ५ ग्रॅम पाणी त्या तक्त्यावर जमतं. थंडीत त्याचा बर्फ होतो आणि काहीच दिसत नाही. मार्चमध्ये ऊन तापलं की तो वितळतो, आणि मग ड्रायवॉलच्या तळाशी डाग उमटतो. म्हणून 'हिवाळाभर ठीक होतं, आता उन्हाळा येताना कुठून ओल आली?' हा प्रश्न इतके जण विचारतात.

वाफेचं झिरपणं मोठं की हवेची गळती?

गळती, आणि फरक थोडाथोडका नाही. थंड प्रदेशासाठी मांडलेलं एक हिशेबाचं उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतं. चार बाय आठ फुटांच्या अखंड ड्रायवॉलमधून एका हिवाळ्यात साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी वाफ होऊन झिरपतं. त्याच तक्त्याला एक चौरस इंचाचं भोक असेल तर हवेबरोबर २८ लिटरच्या आसपास पाणी निघून जातं.

ही भोकं नजरेसमोरच असतात. बाहेरच्या भिंतीवरचे विजेचे सॉकेट, सिंकखाली नळाचा पाइप भिंतीत शिरतो ती जागा, बाथटबच्या मागची बाजू (तिथे ड्रायवॉल लावायचं बरेचदा राहूनच जातं), पोटमाळ्यावर जाणाऱ्या वायरींची छिद्रं. ऊबदार हवा वर चढते, त्यामुळे हिवाळ्यात वरच्या मजल्यावरून हवा बाहेर ढकलली जाते आणि तळातून आत ओढली जाते. वरच्या मजल्याच्या भिंती आणि पोटमाळा आधी भिजतात ते याचमुळे.

गळती शोधायला घरातली उदबत्ती पुरते. थंड, वाऱ्याच्या दिवशी स्वयंपाकघरातला आणि बाथरूमचे पंखे सुरू करा, खिडक्या बंद ठेवा, आणि पेटलेली उदबत्ती सॉकेटपाशी, खिडकीच्या चौकटीपाशी, भिंतीच्या तळपट्टीखाली धरा. धूर सरळ वर जाण्याऐवजी खोलीकडे झुकला की तिथे फट आहे. सॉकेटच्या झाकणामागे फोमची गास्केट बसते, पाइपांभोवती सीलंट, मोठ्या फटींना फोम. एक शनिवार पुरतो. यापेक्षा स्वस्त आणि गुणकारी उपाय मला माहीत नाही. नेमका आकडा हवा असेल तर ब्लोअर डोअर चाचणी करून घ्या. दाराला मोठा पंखा बसवून घर किती गळतं ते मोजतात.

ड्रायवॉलमागे पॉलिथीनचं प्लास्टिक लावावं का?

तुम्ही कुठे राहता त्यावर आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

टोरांटो, कॅलगरीसारख्या ठिकाणी सहा-सहा महिने वाफेचा ओढा आतून बाहेर असतो. तिथे आतल्या, म्हणजे उबदार बाजूला पॉलिथीन लावण्याची रीत आहे आणि ती बहुतांशी चालते. फ्लोरिडात किंवा टेक्ससच्या किनाऱ्यावर बरोबर उलटं. बाहेर दमट उकाडा, आत एसी. तिथे आतून प्लास्टिक लावलं तर बाहेरून येणारी वाफ त्याच्याच मागच्या बाजूला जमते. व्हिनाइलच्या वॉलपेपरचंही तसंच. अशा हवेतल्या कितीतरी हॉटेलांत तो कागद सोलला की मागे गुलाबी-काळी बुरशी सापडलेली आहे.

न्यू जर्सी मधोमध आहे, म्हणून अवघड. जानेवारीत ओढा बाहेर, जुलैत आत. त्यातही विटांचा अंगरखा असलेलं घर घ्या. दुपारी सर येते, वीट चिंब भिजते, मग ऊन पडतं. तापलेल्या विटेतली वाफ जोरात आत ढकलली जाते, हाउसरॅपमधून, तक्त्यातून, इन्सुलेशनमधून, आणि एसीने गार झालेल्या प्लास्टिकवर जाऊन थांबते. तिथे पाणी ओघळतं आणि खालच्या आडव्या लाकडावर साचतं.

म्हणून इथे पॉलिथीन लावू नका असंच मी सांगतो. इन्सुलेशनला चिकटवलेला क्राफ्ट कागद या हवेला पुरतो. अमेरिकेतल्या नियमांत वाफरोधकांचे तीन वर्ग आहेत. पॉलिथीन पहिल्यात, क्राफ्ट कागद दुसऱ्यात, भिंतीचा नेहमीचा लॅटेक्स रंग तिसऱ्यात. वर्गाचा आकडा जितका मोठा, तितकी वाफ जास्त जाऊ देणारा. थोडा खर्च परवडत असेल तर नायलॉनसारख्या पदार्थाची 'स्मार्ट' झिल्ली मिळते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधनातून १९९०च्या दशकात ती आली. हवा कोरडी असताना ती वाफ अडवते आणि दमट झाली की मोकळी होते, म्हणजे हिवाळ्यात राखण आणि उन्हाळ्यात सुकायला वाट.

तक्त्याच्या बाहेरून फोमचा थर देणं हा आणखी चांगला मार्ग, कारण मग तक्ताच उबदार राहतो आणि घामाचा प्रश्न मुळात उठत नाही. पण थर पुरेसा जाड हवा. आमच्याकडच्या थंड भागात साडेपाच इंची भिंतीला निदान आर-७.५ चा बाहेरचा थर धरतात (आर म्हणजे उष्णता अडवण्याच्या ताकदीचं माप). अर्धवट पातळ थर दिला तर तक्ता गारच राहतो आणि शिवाय त्याची बाहेरून सुकायची वाटही बंद होते. साइडिंग बदलायची वेळ आली असेल तेव्हाच हे काम परवडतं.

पावसाचं पाणी आत येतं ते कसं? बाहेरून तर सगळं बंद आहे.

सगळं बंद आहे यावर भरवसा ठेवल्यामुळेच येतं. व्हँकुव्हरचा दाखला देतो. १९८० आणि ९०च्या दशकांत तिथे लाकडी सांगाड्याच्या शेकडो इमारती उभ्या राहिल्या. बाहेरून अखंड स्टको प्लास्टर, छपराला पागोळ्या दूर टाकणाऱ्या वळचणी नाहीत, प्लास्टरमागे पाणी वाहून जायला पोकळी नाही. पाऊस मुंबईच्या निम्माच, पण तो पडतो हिवाळ्यात, जेव्हा काहीच सुकत नाही. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून, बाल्कनीच्या जोडांतून शिरलेलं पाणी आतच राहिलं आणि सांगाडे कुजले. १९९८मध्ये माजी मुख्यमंत्री डेव्ह बॅरेट यांच्या आयोगाने चौकशी केली. अब्जावधी डॉलरांचं नुकसान झालं आणि ते बरंचसं साध्या घरमालकांच्या खिशातून गेलं. न्यूझीलंडमध्येही त्याच सुमाराला असंच घडलं. तिथे तर प्रक्रिया न केलेलं लाकूड वापरायची मुभा होती.

त्यातून सगळे एक गोष्ट शिकले. बाहेरचा थर थोडंफार पाणी आत सोडणारच, म्हणून त्याच्या मागे बोटभर पोकळी ठेवा आणि ती वर-खाली उघडी ठेवा. कॅनडात ती निदान १० मिलिमीटरची असते. आत आलेलं पाणी त्या पोकळीतून खाली निथळतं, आणि वारा खेळून लाकूड सुकतं.

आमच्या घराची गोष्ट एका वीतभर पत्र्याची आहे. गॅरेजचं उतरतं छप्पर घराच्या भिंतीला जिथे संपतं, तिथे पाणी भिंतीपासून दूर पन्हळीत लोटणारा एक वाकवलेला पत्रा असावा लागतो. त्याला किकआउट फ्लॅशिंग म्हणतात. आमच्याकडे तो बसवलेलाच नव्हता. साइडिंगवर पन्हळीच्या टोकाखाली एक तपकिरी ओघळ दिसायचा. आम्हाला ती धूळ वाटायची. आतून कित्येक वर्षं काहीच कळलं नाही. शेवटी साइडिंग काढलं तेव्हा मागचा ओएसबी काळा पडला होता आणि चहात बुडवलेल्या ग्लुकोज बिस्किटासारखा हातात येत होता. दोन स्टडच्या पायथ्यात स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. पत्र्याची किंमत काही डॉलर. दुरुस्तीत आमचा त्या वर्षीचा भारताचा प्रवास गेला.

तुमच्या घराला असा जोड असेल तर आजच बाहेर जाऊन बघा.

विटांच्या तळाशी छोटी भोकं आहेत. उंदीर, किडे जाऊ नयेत म्हणून बुजवू का?

नका बुजवू. विटेमागे आलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. किड्यांसाठी जाळीचे तुकडे मिळतात, ते बसवा.

सकाळी खिडकीच्या काचेवर पाणी ओघळतं. भिंतीलाही धोका आहे का?

काच हा घरातला सगळ्यात गार पृष्ठभाग, म्हणून तिथे आधी दिसतं. ते चिन्ह समजा: आर्द्रता बाहेरच्या थंडीला झेपण्यापेक्षा जास्त झाली आहे. दहा-पंधरा डॉलरांचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता-मापक, घ्या आणि झोपायच्या खोलीत ठेवा. बाहेर उणे ७ अंश (२० फॅरनहाइट) असेल तर आत ३५ टक्क्यांच्या वर नको. उणे १२ ला ३०, उणे १८ ला २५.

घर तापवणाऱ्या भट्टीला जोडलेला ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) बऱ्याच घरांत ऑक्टोबरात ४५ टक्क्यांवर लावतात आणि एप्रिलपर्यंत कुणी हात लावत नाही. घसा सुकतो, मुलांच्या नाकातून रक्त येतं, म्हणून लावतात. तो त्रास खरा आहे. पण हिवाळ्यात अतिकोरडं घर बहुधा गळकं घर असतं. बाहेरची कोरडी हवा सारखी आत येत असते. आधी फटी बुजवा, मग आर्द्रता आपोआप वाढते आणि ह्युमिडिफायर बराच कमी लागतो.

शेजारी आणि घर तपासणारे म्हणतात, तुमच्या स्वयंपाकामुळे ओल येते. खरं आहे का?

अर्धंच. चार माणसांचं कुठलंही कुटुंब श्वास, अंघोळ, स्वयंपाक आणि कपडे मिळून दिवसाला दहाएक लिटर पाणी हवेत सोडतं. आपल्याकडे कुकर, इडलीपात्र, उकळत्या आमट्या रोजच्या, म्हणून स्वयंपाकाचा वाटा थोडा जास्त. गॅसची शेगडी असेल तर ज्योतीतूनही पाणी तयार होतं. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की दीड लिटरहून जास्त.

पण दोष पदार्थांचा नाही, पंख्याचा आहे. शेगडीवरच्या मायक्रोवेव्हचा पंखा पुष्कळ घरांत हवा गाळून परत स्वयंपाकघरातच सोडतो. पंखा लावा आणि घराबाहेर जाऊन बघा, भिंतीवरची झडप हलते का. हलत नसेल तर बाहेर हवा फेकणारा हूड बसवून घ्या. इथे राहायचं असेल तर आपल्या स्वयंपाकघरात याहून महत्त्वाचा खर्च नाही. बाथरूमचा पंखा अंघोळीनंतरही वीस मिनिटं चालू द्या, आणि त्याचा पाइप पोटमाळ्यातच तर सोडलेला नाही ना, हे पाहा.

आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा गणित बदलतं. माणसं वाढतात, दारं बंद राहतात, आणि मशीनमध्ये कपडे खराब होतात म्हणून आई बेसमेंटमध्ये दोरी बांधते. पिळून काढलेल्या एका धुण्यात सहज दोन लिटर पाणी असतं. आईला नाही म्हणू नका. दोरी डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) असलेल्या खोलीत बांधा आणि दार लावून घ्या.

कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो. भिंत तर कोरडी दिसते.

ते कपाट बाहेरच्या भिंतीला, बहुतेक उत्तरेच्या कोपऱ्यात असेल. कोपऱ्यात लाकूड जास्त आणि इन्सुलेशन कमी, त्यात खोलीची ऊब बंद दारामागे पोचत नाही. भिंत गार पडली की तिच्या पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते, आणि बुरशीला एवढं पुरतं; पाण्याचा थेंब दिसायची गरज नसते. पैठण्या आतल्या भिंतीच्या कपाटात हलवा. या कपाटाला झडपांचं दार लावा, कपडे भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, खोके थेट भिंतीला टेकवू नका.

बेसमेंटचं काय?

पायाच्या काँक्रीटवर घराचं लाकूड जिथे टेकतं, त्या कडेला नुसतं काचतंतूंचं इन्सुलेशन कोंबलेलं असतं. हवा त्यातून आरपार जाते आणि मागचं लाकूड हिवाळ्यात भिजतं. ते इन्सुलेशन काढून फोमचे कापलेले तुकडे बसवा आणि कडा फोमने बंद करा. बाहेरून माती किंवा मल्च (झाडांभोवती पसरतात तो लाकडाचा भुगा) साइडिंगपर्यंत चढवू नका; निदान सहा इंच मोकळं सोडा.

भिंत न फोडता आत ओल आहे हे कसं ओळखायचं?

दोन टोचण्यांचा ओल-मापक तीस-चाळीस डॉलरांत मिळतो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत, तळपट्टीपाशी टोचून बघा. लाकडात १२ च्या आसपास आकडा उत्तम, २० च्या वर गेला तर कारण शोधायलाच हवं. ड्रायवॉलवर टोचलंत तर आकडा शब्दशः धरू नका. घराच्या आतल्या कोरड्या भिंतीवर आधी टोचा आणि तुलना करा. सॉकेटचं झाकण काढून बॅटरीच्या उजेडात शेजारचं इन्सुलेशन दिसलं आणि ते काळपट असलं, तर तिथून हवा वाहते आहे; ती धूळ त्या हवेतूनच गाळली गेलेली असते.

बुरशी सापडली. ब्लीच मारू का?

आधी पाणी कुठून येतं ते थांबवा. ब्लीचने डाग फिका होतो, लाकडातली ओल तशीच राहते. भिजलेलं ड्रायवॉल आणि इन्सुलेशन काढून टाका, लाकूड पंख्याने आणि डीह्युमिडिफायरने सुकवा, आणि ते २० च्या खाली आल्याशिवाय भिंत बंद करू नका. डाग दहा चौरस फुटांहून मोठा असेल तर जाणकार माणसाला बोलवा. घर १९७८च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं. खरवडण्याआधी तपासून घ्या.

लोणावळ्याला किंवा कोकणात लाकडी घर बांधायचं आहे. हेच नियम का?

पावसाचे नियम हेच, आणखी कडक: रुंद वळचणी, उंच जोतं, साइडिंगमागे पोकळी. वाफेचा नियम मात्र उलटा. जुलैत बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असते, म्हणजे दवबिंदू २५ च्या आसपास. आत एसी २२ वर असेल तर आतल्या पॅनेलची मागची बाजू दवबिंदूहून गार. तिथे अमेरिकेतल्या व्हिडिओत पाहून प्लास्टिक लावलंत तर भिंत कुजेल. आतून वाफ जाऊ देणारा रंगच ठेवा.

आपल्या जुन्या वाड्यांतले सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभे असतात, जमिनीची ओल लाकडाला लागू नये म्हणून. भिंतीचा माती-चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि सोडतो. अशा भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर आणि वर ऑइलपेंट चढवला की आतल्या लाकडाची सुकायची वाट बंद होते. दुरुस्ती करत असाल तर चुन्यातच करा.

घर विकत घेताना एकच गोष्ट बघायची तर काय बघू?

जमलं तर पाऊस पडत असताना जा. छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा: छप्पर भिंतीला मिळतं ती जागा, पन्हळीची टोकं, बाल्कनीचा जोड, खिडक्यांचे खालचे कोपरे. पाणी भिंतीवरून ओघळत असेल त्या प्रत्येक जागेचा फोटो काढा, आणि आत येऊन नेमक्या त्याच जागेमागे ओल-मापक टोचा.